दिवेबाबांची फळी

"सेल आहे का याच्यात? वायर आहे का कुठे? मग कशावर लागला?"

"विश्वासावर!" हॉलमधली तीन-चारशे माणसं एका आवाजात ओरडली.

जुन्या व्यायामशाळेच्या त्या हॉलमध्ये सकाळी दहालाच मुंगीला शिरायला वाट नव्हती. पत्र्याचं छत तापलेलं, माणसांच्या घामाचा वास कोंडलेला. दारापाशी दुरुस्तीसाठी आणलेली सिमेंटची पोती रचली होती, त्यांच्यावरही लोक चढून बसले होते. मधोमध लाकडी फळ्यांचा एक लांब ओटा केला होता, पंचवीसेक पावलांचा. रांग त्या फळ्यांवरून पुढे सरकायची आणि टोकाच्या एका चौकोनी फळीपाशी थांबायची. तिथे पितळी स्टँडवर काचेचा दिवा. दिव्यामागे खुर्चीत दिवेबाबा.

बाबा म्हणजे दाढी, जटा असला प्रकार नव्हे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ, गालाला चिकटलेला माइक. बोलणं असं, की विम्याच्या एजंटाने शिकवणी लावावी.

"माणूस म्हणजे काय? बॅटरी! तुमच्या एकेका पेशीत वीज आहे. डॉक्टर काय करतो? गोळ्या घालून ती वीज विझवतो. मी काय करतो? काहीच करत नाही! मी फक्त तुम्हाला दाखवतो, की आत दिवा आहे."

पद्धत सोपी होती. आजारी माणसाने चौकोनी फळीवर पाय ठेवायचा. दिवा लागला तर आतली वीज जागी झाली, रोग पळाला, औषधं बंद. नाही लागला तर आत पाप साचलंय. मग पुन्हा यायचं, पुन्हा रांगेत चालायचं, पाप झिजेपर्यंत.

रांगेत दादा उभे होते. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, आडव्या हाडाचे, शहाण्णव किलोचे. सतरा वर्षं मधुमेह, रोज दोनदा इन्सुलिन, आणि दोन महिन्यांपासून डाव्या पायाच्या अंगठ्याखाली न भरणारी जखम. त्यांच्या मागे वहिनी. आणि वहिनींच्या मागे, तोंड वाकडं करून, दादांची धाकटी बहीण.

ही बहीण इलेक्ट्रॉनिक सामान बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसायची. सगळे तिला चेकरबाई म्हणत. दादा तेवढे, ती पन्नाशीला आली तरी, 'बारके' म्हणत. तिला या गर्दीत यायचंच नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही मशीनमधल्या आहात, तुम्हाला तरी कळेल खरं काय ते." म्हणून ती आली होती.

दादा चौकोनी फळीपाशी पोचले.

"या, ड्रायव्हरसाहेब!" बाबा उठून उभे राहिले. "आयुष्यभर ब्रेक दाबलात ना? मग आज दाबा! श्रद्धेने दाबा! आपटा पाय!"

दादांनी उजवा पाय उचलला आणि धाडकन फळीवर आणला.

दिवा लागला. लखकन. काचेतून पांढराशुभ्र उजेड पडला, तीन-चार सेकंद राहिला, मग हळूहळू मालवला. हॉलमध्ये एकच गलका उठला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा लहान मुलासारखे त्या दिव्याकडे बघत राहिले.

"सुई बंद!" बाबांनी हात वर केला. "आजपासून सुई बंद! ज्याच्या आत एवढा उजेड आहे, त्याला काय टोचायचं?"

"थांबा," चेकरबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "मला तो दिवा बघायचाय."

स्वयंसेवक पुढे झाले. बाबांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि हसून विचारलं, "ताई कुठे असता?"

तिने कारखान्याचं नाव सांगितलं, काम सांगितलं.

"वा! म्हणजे तपासणं हेच काम. या, तपासा. उघडा, फोडा, काय करायचं ते करा."

त्यांनी दिवा स्टँडसकट तिच्या हातात दिला. तिने काच काढली. आत चण्याएवढा एलईडी, त्याच्या दोन तारा स्टँडच्या दोन पायांत गेलेल्या. पाय पोकळ; तिने वाकून एकेकात बघितलं, हलवून बघितलं. सेल नाही. दोन पायांच्या मध्ये फायबरची एक चकती होती, एका पायाचा दुसऱ्याला स्पर्श होऊ नये म्हणून. ती तिने पाहिली, क्षणभर बोटाने चाचपली, आणि सोडून दिली. ओट्याच्या कडेने चालत जाऊन तिने भिंतीपर्यंत वायर शोधली. वायर नव्हती.

"काय सापडलं?" बाबांनी स्वयंसेवकाकडचा माइक घेऊन तिच्या तोंडापुढे धरला.

ती सरळ बाई होती. जे दिसलं ते सांगायची सवय होती. "सेल नाही," ती म्हणाली. "वायर नाही."

"ऐका!" बाबा गरजले. "कारखान्याच्या चेकरबाई सांगताहेत! सेल नाही, वायर नाही! मग कशावर लागला?"

"विश्वासावर!"

तिने हातात दिलं तेवढंच तपासलं होतं. ट्रेमध्ये येईल ते तपासायचं, टेबलाखाली बघायचं नाही, हे बावीस वर्षांत अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशी बाबांना आयता शिक्का मिळाला, आणि तो तिनेच मारला.

वहिनी आणि बहीण नुसत्या सोबतीला होत्या; दादांनंतरची आजारी म्हणजे त्यांच्याच चाळीतली शिवणकाम करणारी बाई. क्षयाने खंगून पस्तीस-छत्तीस किलोवर आलेली, खोकताना कंबरेत वाकणारी.

"सावकाश, ताई," बाबा मऊ आवाजात म्हणाले. "नम्रपणे. फुलासारखा ठेवा पाय."

तिने फुलासारखा ठेवला. दिवा लागला नाही. तिने पुन्हा ठेवला. काचेत काळोखच.

बाबांनी डोळे मिटले. "घरात काहीतरी झालंय," ते म्हणाले. "मी बोलत नाही. तुम्हाला माहीत आहे."

शिवणवाली खाली मान घालून ओट्यावरून उतरली. लोकांनी तिला वाट दिली, जरा जास्तच मोठी वाट दिली.

*

घरी आल्यावर वहिनींनी फ्रिजमधल्या इन्सुलिनच्या बाटल्या काढून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. चेकरबाईने त्या परत बाहेर काढल्या.

"दादा, हा वेडेपणा आहे."

"बारके, सतरा वर्षं पोटाला भोकं पाडतोय मी," दादा म्हणाले. ते रागावले नव्हते. उलट त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका मोकळा दिसत होता. "तू स्वतः उघडून बघितलंस ना? सेल होता?"

"नव्हता."

"मग सांग, दिवा कसा लागला?"

तिला सांगता येईना. ती म्हणाली, काहीतरी चलाखी असणार. दादा म्हणाले, कोणती? ती म्हणाली, ते मला माहीत नाही. दादा हसले. वहिनी पण हसल्या, आणि त्या हसण्याने तिला अपमान वाटला. ती रागाने चप्पल पायात सरकवून निघाली आणि दोन आठवडे त्या घराकडे फिरकली नाही.

पुढे कित्येक महिने तिचं मन एकाच गोष्टीपाशी अडायचं. दिवा कसा लागला हे माहीत नसलं तरी दादांची साखर किती आहे हे तर माहीत होतं! दिव्याचं कोडं सुटलं नाही म्हणून सुई थांबवायची, हा कुठला न्याय? एवढी साधी गोष्ट त्या वेळी तिच्या तोंडून निघाली नाही. ती वाद जिंकायच्या मागे लागली आणि हरल्यावर रुसून बसली.

सोळाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. पाय काळा पडला होता, दादा ग्लानीत होते, काहीबाही बोलत होते. इस्पितळातल्या तरुण सर्जन बाईंनी चादर उचलली, वास आला तशी परत टाकली, आणि विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

वहिनी भिंतीकडे बघत राहिल्या. चेकरबाईने सांगितलं.

"कोणी बंद केलं?"



दादांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चादरीवरून हात फिरवला. जिथे पाय असायला हवा तिथे चादर सपाट होती. मग ते बहिणीकडे बघून म्हणाले, "पण दिवा तर लागला होता, बारके. तू पण बघितलास."

*

आठवड्याच्या रजेनंतर ती कामावर गेली. टेबलावर ट्रे आला. ट्रेमध्ये नेहमीच्याच चकत्या: रुपयाच्या नाण्याहून जराशा मोठ्या, पितळेच्या, मधे पांढऱ्या सिरॅमिकचा पातळ थर. घड्याळाच्या गजरात, खेळण्यात, खोलीतल्या धुराच्या अलार्ममध्ये 'पी-पी' वाजते ती हीच चकती. तिला वीज दिली की ती थरथरते आणि आवाज होतो. आणि उलटंही होतं: तिला दाबलं की ती वीज देते. तपासणी त्यावरच सुरू व्हायची. रबरी टोपण घातलेल्या बोटाने चकती दाबायची, समोरचा लाल एलईडी लुकलुकला की चकती जिवंत; मग वाजवून बघायची, सूर जमला की पास.

तिने पहिली चकती दाबली. एलईडी लुकलुकला.

तिने दुसरी दाबली नाही. बोट तसंच चकतीवर ठेवून ती बसून राहिली.

सेल नव्हता, वायर नव्हती. दाबलं आणि दिवा लागला. दिवसाला दोन हजार वेळा, बावीस वर्षं ती हेच करत होती. एवढं रोजचं, की डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. दादांनी विचारलं होतं, कसा लागला सांग, आणि उत्तर तिच्या बोटाखाली होतं.

ट्रे पुढे सरकत नव्हता. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "काय गं, बरं वाटत नाही का?"

"नाही," ती म्हणाली. "बरं वाटत नाही."

दुपारी ती स्टोअरमध्ये गेली. "आपल्या रिजेक्ट चकत्या कुठे जातात?"

"भंगारात, किलोवर," स्टोअरकीपर म्हणाला. "कशाला?"

"कोण नेतं?"

"नेतो कोणीतरी टेम्पोवाला. मागे तर म्हणाला, आहेत तेवढ्या द्या, जुने कपॅसिटर पण द्या. पितळेला भाव असेल."

रिजेक्ट चकतीवर ती हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. कारखान्याने दिलेला मार्कर पुसला जाई, म्हणून ही तिची स्वतःची युक्ती. रिजेक्ट म्हणजे बहुतेक करून आवाज बेसूर असलेली चकती. दाबल्यावर वीज द्यायला ती चांगली असायची.

तरी ती लगेच धावली नाही. एकदा न बघता शिक्का मारला होता, आता दुसऱ्यांदा नाही. पुढच्या दोन सभांना ती हॉलच्या मागच्या बाजूला, पोत्यांवर बसली आणि वहीत लिहीत गेली. पहिलवानी अंगाचा हमाल: लागला. दहा वर्षांची अशक्त मुलगी: नाही. भलीथोरली हॉटेलवाली: लागला. काठी टेकत आलेले म्हातारे मास्तर: नाही. बाबांचं बोलणंही तिने लिहिलं. ज्यांचा लागायचा त्यांना 'आपटा, दाबा, हाणा'. ज्यांचा लागायचा नाही त्यांना 'सावकाश, नम्रपणे, फुलासारखा'. आणि एकाचा दिवा लागला की बाबा पाच-सात मिनिटं प्रवचन झोडायचे. तेवढ्यात रांग फळ्यांवरून चालत पुढे सरकायची, मागून नवे लोक चढायचे, 'जागच्या जागी पाय हलवा, वीज जागवा' असं स्वयंसेवक सांगत फिरायचे. प्रवचन संपल्याशिवाय पुढचा माणूस फळीवर यायचा नाही.

दोन्ही सभा मिळून बावन्न माणसं झाली. तिने वही मिटली. हा दिवा पाप-पुण्य काही मोजत नव्हता. तो वजन मोजत होता. ज्याच्या अंगात अजून ताकद होती त्याला तो सांगायचा, तू बरा झालास, औषध सोड. आणि जो खरोखर मरणाला टेकला होता, ज्याच्यात पाय आपटण्याचंही त्राण नव्हतं, त्याला सांगायचा, तू पापी आहेस.

*

तिसऱ्या सभेला ती शिवणवालीला घेऊन गेली. ती यायला तयार नव्हती. "पुन्हा चारचौघांत नको हो," ती म्हणाली. "चाळीत कोणी माझ्याकडे कापड टाकत नाही आता." चेकरबाईने तिला पाण्याचे दोन कॅन दाखवले, दहा-दहा लिटरचे. "हे हातात धरायचे आणि उडी मारायची. मी दोन्ही हातांनी आधार देते. एकदाच. मग तुला कोणी पापी म्हणणार नाही."

प्रवचन संपलं. शिवणवाली फळीपाशी आली. बाबांनी तिला ओळखलं. "सावकाश, ताई. फुलासारखा..."

"मार उडी," चेकरबाई म्हणाली.

कॅन हातात घेऊन, चेकरबाईच्या खांद्याला टेकून शिवणवाली वीतभर उडाली आणि दोन्ही पायांनी फळीवर आली. दिवा लख्ख लागला.

"पाप फिटलं! पाप फिटलं!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिवणवाली रडायला लागली, आणि खोकायला लागली, आणि खाली बसली.

"पाप फिटलं नाही," चेकरबाई ओरडली, "वीस किलो वाढले!"

टाळ्या विरल्या. बाबांचा चेहरा हसराच होता, पण नजर स्वयंसेवकांकडे गेली.

"ताई, तुम्हीच तपासलं होतंत ना? सेल नाही म्हणून?"

"मीच. आणि चुकीचं तपासलं होतं. दिवा तपासला, फळी नाही तपासली." ती लोकांकडे वळली. "मला शिव्या घालायच्या असतील तर मागाहून घाला. आधी दोन माणसं ते सिमेंटचं पोतं आणा इकडे."

कोणी हललं नाही. मग कंबरदुखीसाठी रांगेत उभा असलेला एक सुतार म्हणाला, "आणू या की. पोत्याने काय होतंय? बघू तर खरं." त्याने आणि एका हमालाने पोतं उचललं, ओट्यावरून फरफटत आणलं; बघायला चढलेल्या गर्दीच्या पावलांनी फळ्या पाच-सात मिनिटं दणाणत होत्या.

"हे पवित्र स्थान आहे!" स्वयंसेवक आडवे आले.

"अहो, पोतं आहे, चप्पल नाही घातलेली त्याने," सुतार म्हणाला, आणि लोक हसले. हसू आलं तिथेच बाबांची पकड ढिली झाली.

"टाका," चेकरबाई म्हणाली.

पन्नास किलोचं पोतं फळीवर आदळलं. धुरळा उडाला. धुरळ्यातून दिवा लागलेला दिसला, दादांसाठी लागला होता तसाच, लख्ख पांढरा.



"पोत्याची श्रद्धा बघा!" सुतार म्हणाला. "हे पोतं आजपासून औषध घेणार नाही!"

पण चेकरबाई हसली नाही. पोत्याने फळीचा कोपरा फुटला होता. तिने सुताराकडे बघितलं. त्याने खिशातला पेचकस काढला, दोन स्क्रू सोडवले आणि फळी उचकटली.

खाली रबरी चटईवर पितळेच्या चकत्या होत्या. ओळीने, शेकड्यांनी, साखळीसारख्या बारीक तारांनी जोडलेल्या. सुताराने पुढची फळी उचलली, तिच्याखालीही. साऱ्या ओट्याखाली. टोकाला बोटभर उंचीचे निळे डबे, आणि त्यांच्यापासून दोन पट्ट्या जिथे दिव्याचे दोन पाय टेकायचे तिथे आलेल्या; त्या पायांमधली फायबरची चकती याचसाठी होती.

चेकरबाईने एक चकती उचलून उलटी केली. हिरवा ठिपका. दुसरी. हिरवा ठिपका. 

"ही माझी आहे," ती म्हणाली. "ही मी नापास केलेली आहे. या सगळ्या माझ्या टेबलावरून गेलेल्या आहेत."

"नीट सांगा, बाई," मागून कोणीतरी ओरडलं. "आम्हाला कळेल असं सांगा."

"तुमच्या घरी गॅसचा लायटर आहे? खट्‌ करून ठिणगी पडते तो? त्यात सेल असतो का?"

"नाही."

"त्यात असाच एक खडा असतो. त्याच्यावर दट्ट्या बसला की वीज होते. ही चकती म्हणजे तोच प्रकार. हा पांढरा थर आहे ना, याच्यातून वीज वाहत नाही. इंजिनिअर त्याला डायइलेक्ट्रिक म्हणतात. आम्ही बायका 'अडव्या' म्हणतो. अडव्या वीज पलीकडे जाऊ देत नाही. पण या जातीच्या अडव्याला दाबलं, की त्याच्या दोन बाजूंना थोडी थोडी वीज गोळा होते. एका पावलाची इतकीशी. तिच्याने हा दिवा इतका वेळ जळणार नाही."

तिने निळा डबा दाखवला. "म्हणून हे. हा कपॅसिटर. तुमच्या पंख्यात असतो, कधी तरी बदलला असेल. याच्यात धातूचे दोन पापुद्रे आणि मधे पुन्हा एक अडव्या, दुसऱ्या जातीचा. वीज इकडून तिकडे जाऊ शकत नाही म्हणून तिथेच थांबून राहते. साठते. रांगेतल्या तुम्हा सगळ्यांच्या पावलांची वीज प्रवचन चालू असताना यात भरायची. पूर्ण भरेपर्यंत ती दिव्याकडे जाणार नाही, अशी जोडणी आहे. जेमतेम भरत आली की शेवटचा माणूस पाय आपटायचा. जोरात आपटला तर भरून दिवा लागायचा, हळू ठेवला तर नाही. एवढंच आहे. यात कुणाच्या पेशी नाहीत, पाप नाही, बाबा नाहीत. हा उजेड तुमच्याच पायांचा होता, आणि तो तुम्हालाच दाखवून यांनी तुमच्याकडून औषधं सोडवली."

बाबा माइकमधून बोलले. आवाज अजूनही गोड होता. "यंत्र असलं म्हणून काय झालं? यंत्र हे माध्यम आहे. शक्ती तर..."

"माझ्या भावाचा पाय कापला," ती म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण जवळच्यांनी ऐकलं आणि मागच्यांना सांगितलं. हमाल म्हणाला, "तो ड्रायव्हर? आडव्या हाडाचा? ज्याचा लागला होता?"

"तोच."

इतका वेळ गप्प असलेली एक बाई एकदम पुढे आली. तिच्या हाताला धरून ती दहा वर्षांची मुलगी होती. बाई बाबांना काही बोलली नाही. तिने चेकरबाईला विचारलं, "म्हणजे हिचं वजन कमी म्हणून?"

"हो. वजन कमी म्हणून."

"मी हिला मारलं हो," ती बाई म्हणाली. "काय पाप केलंस सांग म्हणून मारलं."

त्यानंतर गडबड झाली. कुणी खुर्ची फेकली, कुणी पोलिसांना फोन केला. त्या गोंधळात बाबा मागच्या दाराने गेले ते गेलेच. पोलिसांनी चकत्यांचा पंचनामा केला. आणि हेही सांगायला हवं, की हॉलबाहेर पन्नासेक माणसं तासभर उभी होती आणि म्हणत होती, बाईने पोतं टाकून स्थान बाटवलं, नाहीतर बाबा गेले नसते.

*

दादांना तिने सगळं सांगितलं. एक चकती आणि एक एलईडी तिने सोबत नेला होता. दादांनी पलंगावर बसून अंगठ्याने चकती दाबली. दिवा लुकलुकला. त्यांनी परत दाबली, परत दाबली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातातलं भांडं तसंच.

"तिथे सगळ्यांचं असंच असेल," दादा शेवटी म्हणाले. "माझ्या वेळी खरंच लागला होता."

"नाही, दादा."

"बारके, खरंच लागला होता म्हण ना." त्यांनी चकती मुठीत घट्ट धरली. "नाहीतर पाय उगाच गेला."

तिने त्यांच्याकडे बघितलं. खोटं बोलणं एका शब्दाचं काम होतं.

"उगाच गेला, दादा," ती म्हणाली. "त्याने फसवलं आणि मी तुला अडवलं नाही."

ते तिच्याकडे पाठ करून आडवे झाले. त्यानंतर दादा सुई वेळेवर घेतात, पण तिच्याशी फारसं बोलत नाहीत. वहिनी अजिबात बोलत नाहीत.

शिवणवालीचं औषध सुरू झालं. दर महिन्याला चेकरबाई तिच्याबरोबर इस्पितळात जाते. परवा तिथल्या बाकावर शेजारी दोन बायका बसल्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, नदीपलीकडे कोणी एक आलाय, नुसत्या हाताने पोटातला खडा काढतो, टाका नाही, रक्त नाही, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आता ऑपरेशनची तारीख रद्द करणार आहे.

चेकरबाई मुळात अनोळखी माणसाशी बोलणारी नाही. पण ती वळली.

"बाई, तो खडा कसा काढतो ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित तुम्हालाही कधी कळणार नाही. नाही कळलं तर नाही कळलं, त्यात लाज कसली? पण कळत नाही म्हणून तो म्हणतो तेच खरं, असं होत नाही. त्याने हातात दिलं तेवढंच बघू नका. जे बघू देत नाही ते बघायला मागा. आणि तोपर्यंत, बाई, ऑपरेशनची तारीख रद्द करू नका."

ती बाई तिच्याकडे टकमक बघत राहिली. मग जरा सरकून बसली, आणि हातातला तारखेचा कागद उलगडून पुन्हा वाचायला लागली.